पॅनलवरचा हार

"हार नका काढू, ताई," घोडकेमामा म्हणाले. "सुकला की मग उतरवू."

मी हात मागे घेतला, पण तोंड काही गप्प बसेना. "मामा, पाकळ्या आत पडतात. एखादी पंख्यात अडकली की मलाच बोलवायला याल."

"येईन ना. पण खंडेनवमीचा हार आहे. सुकायच्या आत त्याला हात लावायचा नसतो. एकतीस वर्षं घालतोय मी, अजून एका मशीननं दगा दिला नाही."

आता एकतीस वर्षांपुढे काय बोलणार? मी तेव्हा स्वतःच एकतीस वर्षांची होते. म्हटलं, राहू दे बापडा. झेंडूचा जाडजूड हार होता, बोटाबोटाच्या अंतरावर आपट्याची पानं गुंफलेली. पॅनलच्या वरच्या दोन खिळ्यांना अडकवून मामांनी तो मध्ये छान झोळीसारखा सोडला होता. पॅनलला हळद-कुंकू लावलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही सगळे कामावर आलो होतो आणि त्या दिवशी टेस्ट होती.

गोष्ट दोन हजार नऊ सालची. नाशिकला आमची कंपनी कॉम्प्रेसर बनवायची, मोठे, खतांच्या कारखान्यात लागतात तसले. टेस्ट बेड, म्हणजे मशीन पाठवण्याआधी चालवून बघायची जागा, माझ्याकडे होता. निवृत्ती घोडके हे तिथले सगळ्यात जुने फिटर. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला ताई म्हणायचे, आणि मी त्यांना मामा. सव्वा वर्षात रिटायर व्हायचे होते.

त्या दिवशी बेडवर गुजरातेतल्या एका खत कारखान्याच्या कॉम्प्रेसरचा रोटर होता, म्हणजे आत फिरणारा शाफ्ट आणि त्यावरची चाकं. त्यांचा जुना खराब झाला होता, कारखाना बंद पडून होता, आणि हा नवा कधी मिळतो म्हणून रोज फोन येत होते. त्यांचे इन्स्पेक्टर ध्रुवसाहेब सकाळीच हजर झाले. बडोद्याचे, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. शाफ्टच्या टोकाला बसवलेलं पोलादी कडं त्यांनी वाकून पाहिलं.

"हे काय नवीन?"

"चुंबक आहे, साहेब," मामांनी सांगितलं. मी सांगणार होते, पण मामांना ते फार आवडायचं. "शाफ्टच्या भोवती बसतो, पण शिवत नाही. मध्ये अर्धा मिलिमीटर फट. शाफ्ट पूर्ण वेगात फिरत असताना हा त्याला लांबूनच हलवतो. मग एकदम थांबतो. थरथर किती पटकन विरते ते ताई मोजतात. लगेच विरली तर रोटर चांगला. विरायला वेळ लागला तर काठावरचा. आणि वाढतच गेली तर देवाचं नाव घ्यायचं."

"आणि ही दोन बटणं?"

पॅनलवरची इंग्रजी अक्षरं कामगारांना वाचायला त्रास व्हायचा म्हणून मामांनी त्यावर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. एकावर 'धरा', दुसऱ्यावर 'हलवा'.

"सुरू करताना एक अवघड वेग येतो. तिथं शाफ्ट उड्या मारतो. मागं एकदा असाच घासला आणि आतला गॅस अडवणारी सगळी सीलं गेली. म्हणून तेवढ्यापुरता चुंबक त्याला धरून ठेवतो. अवघड वेग ओलांडला की सोडायचं. पोराला सायकल शिकवताना आपण मागून सीट धरतो ना, तसं. पण पोराला येतं की नाही ते बघायचं तर हात सोडावाच लागतो."

ध्रुवसाहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, तुमचं गणित मी वाचलं. गणितात तर हा रोटर जेमतेम पास होतोय."

ते मला झोंबलं. ते गणित माझं होतं. त्या रोटरच्या सीलची आखणीही माझी होती, आणि आमच्या पोंक्षेसाहेबांशी भांडून मी ती मंजूर करून घेतली होती. तेव्हा मला वाटायचं की नाशकात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही.

"गणित मी मुद्दाम कडक धरलंय," मी म्हटलं. "प्रत्यक्षात बघा."

रोटर फिरायला लागला. मी 'धरा' दाबलं. मामा मशीनजवळ उभे होते. अवघड वेग ओलांडला की ते उजवा हात वर करायचे आणि मी 'धरा' पुन्हा दाबून ते बंद करायचे, अशी आमची पद्धत होती. मामांचा हात वर गेला. नेमकं त्याच वेळी ध्रुवसाहेब माझ्या कानाशी येऊन विचारत होते की सील बदलायची झाली तर किती दिवस लागतील. मला राग आला होता. बदलायची वेळच येणार नाही, असं काहीतरी मी फटकन बोलले आणि बोलता बोलता बटण दाबलं.

एकदा दाबलं की दोनदा, ते देव जाणे. दाबल्याचं मला आजही आठवतं. ते बटण असं होतं की चालू असो की बंद, दिसायला सारखंच. कळायचं ते फक्त वरच्या हिरव्या दिव्यावरून.

मिनिटाला अकरा हजार फेरे झाले. मी 'हलवा' दाबलं, शाफ्ट थरथरला, मी सोडलं, आणि पडद्यावरची रेघ तीन हिसक्यांत सपाट झाली. पुन्हा केलं, पुन्हा सपाट. दाब वाढवून केलं, तरी सपाट. गणितापेक्षा दुपटीनं चांगलं.

"मानलं बुवा," ध्रुवसाहेब म्हणाले.

उत्तर वाईट आलं असतं तर मी शंभरदा तपासलं असतं. चांगलं आलं, म्हणून मी पेढे मागवले. पोंक्षेसाहेब स्वतः खाली आले. रिपोर्टवर मी सही केली, त्याच्या खाली त्यांनी केली. मामांनी एक पेढा पॅनलपुढे ठेवला.

रोटर बसवायला कंपनीतून कोणीतरी जायचं होतं. मामांनी मला विचारलं, "जाऊ ना मी? दिवाळी तोंडावर आलीय, घरची कुरकुरतेय."

"जा बिनधास्त. रोटर सोन्यासारखा आहे. बसवायचा, फिरवायचा आणि पहिल्या आंघोळीला घरी."

"तुम्ही म्हणता मग झालं," असं म्हणून ते गेले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी टेस्ट बेडची साफसफाई निघाली. मध्ये कुठलीच टेस्ट नव्हती, पॅनल तेव्हापासून बंदच होतं. सकाळी साडेनऊला मामांचा फोन आला होता, तिकडच्या कंट्रोल रूममधून. आवाज खुशीत होता.

"ताई, नारळ फुटला. तेल गरम करायला लावलंय. दुपारी पूर्ण वेगावर नेतो, रात्रीची गाडी धरतो."

"मामींना सांगते, चकल्या ठेवा म्हणून."

साडेदहाच्या सुमारास मी पॅनलपाशी आले. हार पार वाळला होता, हात लावला तर चुरा होत होता. आता मामाही काही म्हणाले नसते. मी तो उतरवून पेपरात गुंडाळला, फडक्यानं पॅनल पुसलं आणि पुढच्या टेस्टच्या आधी सगळं ठीक आहे ना, म्हणून स्विच चालू केला. ते यंत्र बंद करताना जसं असेल तसंच पुन्हा सुरू व्हायचं.

'धरा'चा हिरवा दिवा लागला.

मी बघत राहिले. हाराची झोळी जिथे लोंबत होती, बरोबर तिथे तो दिवा होता. आधी वाटलं, पुसताना माझाच हात लागला असेल. दिवा दिसत नाही हे मला टेस्टच्या दिवशी का खटकलं नाही, तेही आठवून पाहिलं. दिवा विझलेला असायचा तेव्हाही काही दिसायचं नाहीच, आणि त्या दिवशीही काही दिसत नव्हतं.

मी वर जाऊन टेस्टची फाइल उघडली. चुंबकात किती वीज गेली त्याची नोंद आपोआप होत असे, पण ती कोणी बघत नसे. मी बघितली. टेस्टभर चुंबक शाफ्टला धरून होता. थरथर तीन हिसक्यांत विरली ती चुंबकानं विरवली होती. रोटरची परीक्षा झालीच नव्हती. आणि तिकडे गुजरातेत चुंबक नव्हता.

तेव्हा अकरा वाजले होते. कंट्रोल रूमचा नंबर माझ्या वहीत होता आणि फोन माझ्या उजव्या हाताला.

मी फोन केला नाही.

याचं कारण मी पुढे अनेक वर्षं स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. खात्री करायची होती, उगाच घबराट नको, इंजिनिअरनं आकड्याशिवाय बोलू नये. सगळं झूठ. फोन करून सांगायचं होतं ते एवढंच की मी, रेवती, चुकले, आणि ते मला सांगवत नव्हतं. ध्रुवसाहेबांचं ते 'मानलं बुवा' अजून कानात होतं.

म्हणून मी गणित करत बसले. चुंबकाचा हात वजा करून रोटरमध्ये स्वतःचं किती उरतं ते काढायचं होतं. उरत असेल थोडंफार, तर कोणाला सांगायचीही गरज नाही. पहिल्यांदा उत्तर आलं ते शून्याच्या खाली. म्हणजे पूर्ण दाबावर थरथर विरणार नाही, वाढत जाणार. मला वाटलं, कुठेतरी चिन्ह चुकलंय. पुन्हा केलं. जेवणाची घंटा झाली, सगळे गेले. डबा तसाच ठेवून तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा उत्तर तेच होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी फोन लावला. तो एंगेज होता. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पंचवीस मिनिटं मी तो नंबर फिरवत होते. नंतर कळलं की पावणेदोनला त्यांनी पूर्ण वेग गाठला होता आणि दोन वाजून पाच मिनिटांनी शाफ्ट थरथरायला लागला. मामांनी ओरडून बंद करायला सांगितलं, पण तोवर सीलं फुटली होती. गॅस बाहेर आला आणि पेटला.

तिथला ऑपरेटर जिग्नेश जागीच गेला. सव्वीस वर्षांचा. मामा त्याला ओढायला आत शिरले, म्हणून त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डावा कायमचा गेला, बोटं एकमेकांना चिकटली. दिवाळी त्यांनी भरूचच्या दवाखान्यात काढली.

त्याच संध्याकाळी मी पोंक्षेसाहेबांना सगळं सांगितलं. हे मी स्वतःच्या बाजूनं म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते. त्यांनी उठून दार लावलं.

"अजून कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. दोनशे घरं आहेत या कंपनीवर. तुझं माझं सोड."

दुसऱ्या दिवशी टेस्टची फाइल त्या कॉम्प्युटरवर नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या फाइली गेल्या, असं सांगण्यात आलं. मी कुठेही प्रत ठेवली नव्हती.

तिकडच्या चौकशीत निघालं की बेअरिंगचं तेल चाळीस डिग्रीला हवं होतं ते अडतीसला असतानाच वेग वाढवला गेला. नोंदवहीत सही निवृत्ती घोडके यांची. गाडी गाठायची होती म्हणून घाई केली, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. दोन डिग्रीनं त्या रोटरचं काही होत नाही. मी ते चौकशीत एका वाक्यात सांगू शकले असते. मला बोलावलं होतं, मी गेलेही होते. त्यांनी विचारलं, टेस्टचा रिपोर्ट बरोबर आहे का. मी म्हटलं, त्यावर माझी सही आहे.

मामांना मुदतीआधीच घरी बसवलं. निरोप समारंभ झाला नाही. मी दुसरीकडे नोकरी धरली, पुण्यात. त्यांना भेटायला एकदाही गेले नाही.

तीन वर्षांनी जुन्या कंपनीतला एक वेल्डर मला रस्त्यात भेटला. बोलता बोलता म्हणाला, "घोडक्यांचं काही खरं नाही, मॅडम. दरवर्षी दिवाळीत त्या पोराच्या गावाला जातात. त्याच्या बापाची माफी मागायला. बाप दार उघडत नाही. हे आपले दिवसभर ओट्यावर बसतात आणि संध्याकाळची गाडी पकडून परत येतात."

रविवारी उठले आणि सिन्नरच्या पुढे मामांचं गाव, तिकडची बस धरली. वाटेत शब्दन् शब्द ठरवला. नोकरी जाईल तर जाऊ दे, खटला होईल तर होऊ दे. त्या माणसाला दुसऱ्याच्या ओट्यावरून उठवायचं, एवढंच मला हवं होतं.

मामा पडवीत बसले होते. खूप वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. मामींनी चहा आणला. मामा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायले.

"मामा, तेल थंड होतं म्हणून नाही झालं ते."

"जाऊ द्या ना ताई. इतक्या लांबनं आलात, हे काय काढता."

"माझं ऐका. टेस्ट चुकली होती. 'धरा' चालू राहिलं होतं. शेवटपर्यंत. मी बंद केलंच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. फाइल, तीनदा केलेलं गणित, न केलेला फोन, पोंक्षे, चौकशी. दोन डिग्रीनं काही होत नाही हे मी चारदा सांगितलं.

मामांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "माझं मन राखायला आलात तुम्ही."

"मन राखायला नाही, मामा. खरं सांगतेय. तुमची चूक नव्हती. माझी होती."

"पण त्याला दिवा असतो ना?"

"असतो."

"हिरवा. चांगला बोराएवढा. त्याच्याखाली चिठ्ठी मीच चिकटवली होती." ते समजून घेत होते, मशीन उघडल्यावर घ्यायचे तसं, एकेक भाग बाजूला ठेवत. "तुमची नजर घारीची. तो तुम्हाला दिसला कसा नाही?"

बसमध्ये मी सगळं ठरवलं होतं, फक्त हे नव्हतं. माझं लक्ष नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. पण मी तोंड उघडलं आणि माझी नजर चुकली. ती गेली ती समोरच्या चौकटीवर. तिथे दसऱ्याचं तोरण होतं, झेंडूचं, अर्धं वाळलेलं.

मामांनीही तिकडे बघितलं.

"हार," ते म्हणाले.

"मामा, नाही. बटण मी दाबलं. बघायचं काम माझं होतं. तो हार नसता तरी..."

"तुम्ही काढत होता," मामा म्हणाले. "मी काढू दिला नाही."

मी त्यांचा हात धरला, भाजलेला. सांगत राहिले की फोन मी केला नाही, तीन तास माझ्या हातात होते. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. घरात मामी पितळी डबे काढत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"परवा निघतोय मी," ते शेवटी म्हणाले. "ते दार उघडत नाहीत. पण यंदा बाहेरूनच सांगतो. नुसतं तेल नव्हतं, हारही माझाच होता म्हणून."

"मग मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्यांना."

त्यांनी माझ्या डोक्यावर चांगला हात ठेवला.

"तुम्ही कशाला, ताई?" ते म्हणाले. "तुमचा काय संबंध त्यात?"